नोंद घेऊ नये

अंबादास तुपे ज्या चुकीनं संपले, ती चूक त्यांची नव्हती. ती मी केली. आणि चूक तरी कशाला म्हणू; ठरवून केली, भर दुपारी, डबा खाऊन, हात धुऊन. बायकोला हे माहीत नाही. ज्यांच्याबरोबर रोज चहा पितो त्यांनाही नाही. आज लिहितो आहे ते उमाळा आला म्हणून नव्हे. माझा त्यांच्यावरचा राग अजून पुरता विझलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणाची फसगत नको.

आम्ही त्यांना सर म्हणायचो, पण ते मास्तर नव्हते. क्रांती चौकाजवळ टायरच्या दुकानावर दोन खोल्यांचं त्यांचं ऑफिस होतं आणि त्यात आम्ही पाच-सहा माणसं. धंदा असा, की कुणी फोनमध्ये काही शोधलं तर आमच्या गिऱ्हाइकाचं नाव सगळ्यात वर दिसावं. पुण्या-मुंबईत याला मोठी इंग्रजी नावं आहेत. सर म्हणायचे, "आपण आवाज देणारे. बसस्टँडवर नाय का, 'गंगापूर, गंगापूर' वरडतेत जीपवाले? तेच. फक्त आपण न वरडता वरडतो."

ते स्वतः गंगापूरचे. ठेंगणे, रुंद, चष्मा कायम कपाळावर. बोलताना समोरच्याचं मनगट धरायचे, आणि मुद्दा पटेपर्यंत सोडायचे नाहीत. मुलाखतीला गेलो तेव्हा माझं मनगट त्यांनी जवळजवळ अर्धा तास धरून ठेवलं होतं. मी वर्तमानपत्रात जाहिरातींचा मजकूर लिहायचो. ते खातं बंद पडलं आणि चाळिशी उलटल्यावर मी रस्त्यावर आलो. कॉम्प्युटरचं मला बेतानंच येत होतं. "मराठी येती ना? मग बास," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून ये म्हणाले. हे उपकार मी नाकारत नाही. पुढं जे केलं ते उपकार विसरून नाही केलं. आठवत असतानाच केलं.

त्यांची एक खोड सगळ्या चौकाला ठाऊक होती. दिसेल त्याच्या हातात ते आपला फोन द्यायचे आणि विचारायचे, तुला अमुक पाहिजे असंल तर काय टाइप करशील? भाजीवाली, पोलीस, केस कापणारा, कुणी सुटायचं नाही. एकदा रिक्षावाल्या चाचांना विचारलं, "चाचा, पानी का पंप होना तो क्या टाइप करते?"

"टाइप कायकू करूं मैं? साले को पूछ लेता. उसकी दुकानच है."

सर इतके खूश झाले की दिवसभर तेच सांगत होते. "साले को पूछ लेता! ह्या साल्याच्या वर जायचंय आपल्याला, कळलं का?"

शहराचं नाव बदललं तेव्हा सगळ्या गिऱ्हाइकांचे फोन आले, की आता पानांवरचं नाव बदलायचं का, कसं बदलायचं. सरांचं उत्तर ठरलेलं: "पाटीवर सरकार लिहितं, शोधपेटीत पब्लिक लिहितं. दोन्ही टाका अन् निवांत झोपा."

माणसं ते क्रमवारीनं ओळखायचे. शोधल्यावर पहिल्या पानावर दहाएक नावं येतात. दुसऱ्या पानावर कुणी जात नाही. "दुसरं पान म्हंजी पंगत उठल्यावर आलेला पाव्हणा," असं ते नव्या गिऱ्हाइकाला समजावून सांगायचे. मग हळूहळू ते माझंच नाव झालं. मी कमी बोलतो, मागच्या खुर्चीत बसतो, म्हणून. "अरे दुसरं पान, जरा खिडकी लाव." "दुसऱ्या पानाला विचारा, त्याला शुद्धलेखन येतंय." ऑफिसात हसायचे. मीही हसायचो. हसलं की काटा आत जातो, बाहेर येत नाही, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

सूड कसा घ्यावा हेही मी त्यांच्याकडूनच शिकलो. पुण्याच्या एका संमेलनात, म्हणजे आमच्या धंद्यातली माणसं वर्षा-दोन वर्षांनी जमतात तिथं, सर पहिल्यांदा बोलायला उभे राहिले. बोलण्यात 'इथं', 'तिथं', 'लई' यायचंच. पानावर येणाऱ्या माणसांना आमच्यात ट्राफिक म्हणतात. चहाच्या सुट्टीत, हाच धंदा शिकवणाऱ्या तिथल्या एका क्लासवाल्यानं चारचौघांत त्यांची नक्कल केली: "लई ट्राफिक यायलंय का वो तिकडं?" सरांनी बशीतला चहा संपवला आणि परत आल्यावर कामाला लागले. त्या माणसाचा क्लास ज्या ज्या शब्दांवर सापडायचा, त्या एकेका शब्दासाठी सरांनी फुकट शिकवणारं एकेक पान लिहवून घेतलं. वर्षभर. शेवटी पुण्यात बसून पुण्यातला क्लास शोधला तरी वर गंगापूरचे तुपे दिसायला लागले. त्या दिवशी सरांनी त्या माणसाला किलोभर पेढे पाठवले. त्याचा फोन आला, पेढे कशाचे म्हणून.

"सर्च मारून बघा की," सर म्हणाले आणि फोन ठेवून दिला. मग माझं मनगट धरून म्हणाले, "राग तोंडानं काढला की हवेत जातोय. कामानं काढायचा. समोरच्याला कळायच्या आत."

मी हे वाक्य लक्षात ठेवलं.

दौलताबादच्या पुढं मंगलताईंची रोपवाटिका होती. सीताफळ, पेरू, आंबा. नवरा गेल्यावर बाईंनी एकटीनं उभी केलेली. त्यांचं काम सरांनी माझ्याकडं टाकलं, कारण त्यात कुणालाच काही दम वाटत नव्हता. मी तिथं जाऊन बसायला लागलो. बाईंचा फोन वाजायचा आणि पलीकडचा माणूस बोलायचा ते मी ऐकायचो. कुणी 'सीताफळाची कलमे कुठे उपलब्ध आहेत' असं विचारत नव्हतं. "रोपं कुठं मिळतील?" "फळ कवा लागतंय?" "खडकाळ रानात येतंय का?" आता लोक फोनमध्ये टाइप कमी करतात, बोलतात. मग पानावर तरी पुस्तकी भाषा कशाला? मी सगळं पान त्यांच्या बोलण्यातल्या भाषेत लिहिलं, त्यांच्याच प्रश्नांसकट.

सरांनी वाचून कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. "हे काय लिहिलंस? 'कवा लागतंय'? हे आसं लिहितेत का कुठं?"

"सर, तुम्हीच म्हणता, पब्लिक जे लिहितं ते…"

"पब्लिकनं लिहावं. आपण जरा नीट लिहावं." पण काढायला लावलं नाही. "राहू दे. मंगलताईचंच तर आहे."

दोन महिन्यांत ते पान पहिलं आलं. पार नगर, बीडपर्यंतची माणसं फोनवर बोलायची आणि फोन मंगलताईंचं नाव सांगायचा. बाईंनी ऑफिसात सीताफळांची पाटी पाठवली. सरांनी पाटी मध्ये ठेवली, सगळ्यांना वाटली, आणि त्या सबंध आठवड्यात मला 'दुसरं पान' म्हटलं नाही.

मग हैदराबादचं संमेलन आलं. सरांना बोलायला बोलावलं होतं; मला बरोबर नेलं, मजकूर लिहून द्यायला. मंचावर त्यांनी तेच पान दाखवलं. "मी त्या बाईच्या रोपवाटिकेत जाऊन बसलो," ते म्हणाले. "मी फोन ऐकले. मला कळलं, की माणूस बोलतो तसं शोधतो." सभागृह उठून टाळ्या वाजवत होतं. कुणीतरी विचारलं, की ही भाषा लिहिली कुणी? सरांनी माझ्याकडं बोट केलं. मी कॉलर सारखी केली. म्हणाले, "ते बसलंय बघा आमचं दुसरं पान. टायपिंग बरं करतंय."

लोक हसले. मीही उभा राहून हात जोडले. जोडलेले ते हात मला आजही दिसतात.

परतीच्या गाडीत ते घोरत होते. मी खिडकीकडं बघत होतो आणि मला कसलीही घाई नव्हती.

वर्षभरानं संमेलन आमच्याच शहरात ठरलं, जालना रोडवरच्या एका हॉटेलात. पुण्याची एक मोठी कंपनी आपलं मराठी भाषेचं सगळं काम बाहेर द्यायला निघाली होती. तिच्या प्रमुख दीक्षितबाई येणार होत्या, सरांचं भाषण ऐकणार होत्या, आणि पसंत पडलं तर त्याच दिवशी होकार देणार होत्या. ते काम मिळालं असतं तर टायरच्या दुकानावरचं ऑफिस सुटलं असतं. नसतं मिळालं, तर तेही राहणं कठीण होतं. दोन गिऱ्हाइकं नुकतीच गेली होती आणि सरांनी नव्या जागेची बोलणी आधीच केली होती. हे सगळं मला माहीत होतं.

आणि त्यांची एक समजूत मला माहीत होती. भाषणात जे पान दाखवायचं, ते आधीचे आठ-दहा दिवस ते शोधून बघायचे नाहीत. एरवी सकाळी उठल्याबरोबर बघणारा माणूस. म्हणायचे, "पेरलेलं रोज उकरून बघायचं नसतं." शिवाय मंचावर ते कधी आधी काढून ठेवलेलं चित्र दाखवत नसत, प्रेक्षकांतल्या एखाद्याचाच फोन घ्यायचे आणि तिथल्या तिथं शोधायला लावायचे. "फोटोतल्या जिलबीनं तोंड गोड होतं का?"

प्रत्येक पानाच्या आत, वाचणाऱ्याला न दिसणारा मजकूर असतो. त्यात एक छोटी ओळ टाकता येते, जिचा अर्थ, या पानाची नोंद घेऊ नये. आमच्यात तिला नोइंडेक्स म्हणतात. पान अर्धवट असताना ती टाकतात, पान तयार झालं की काढतात. राहिली, तर पान जागच्या जागी असतं, पत्ता टाकला तर उघडतं, पण शोधणाऱ्याला कधीच सापडत नाही. ती काढायची राहणं ही आमच्या धंद्यातली सगळ्यात बाळबोध चूक. शिकाऊ पोरं करतात आणि पुढं वर्षभर चिडवून घेतात.

संमेलनाच्या आठवडाभर आधी एका दुपारी सर खाली चहाला गेले होते. भाषणात याही वेळी मंगलताईंचंच पान दाखवायचं ठरलं होतं; मी त्यात ती ओळ टाकली. मग शोधयंत्राला विनंती पाठवली, की हे पान पुन्हा एकदा तपासून जावं. अक्षर न अक्षर नीट टाइप केलं. टायपिंग मला बरं येतंच.

तीन-चार दिवसांनी मंगलताईंचा फोन आला. लागवडीचा हंगाम ऐन भरात होता. "भाऊ, फोन का वाजंना? काय बिघडलंय का?"

"नाही ताई, होतं असं मधूनमधून. थोडं थांबा," मी म्हणालो. या बाईनं माझं काय वाईट केलं होतं?

संमेलनाच्या दिवशी हॉटेलात नेहमीची जत्रा होती. गळ्यात ओळखपत्रं, खांद्याला फुकटच्या कापडी पिशव्या, आणि चहाच्या सुट्टीत प्रत्येक जण कोपऱ्यात उभा राहून फोनवर आपलंच नाव शोधतोय. सरांनी नवा कोट शिवला होता. कोटाच्या बाह्या जरा लांब होत्या, म्हणून मनगटं धरताना त्यांना त्या मागं साराव्या लागत होत्या. माझं धरलं, म्हणाले, "आज आपलं नशीब बघ कसं उघडतंय."

"हो सर," मी म्हणालो.

मंचावर ते रंगले. चाचांचा साला आला, गंगापूरचे जीपवाले आले. लोक पोट धरून हसत होते. मग त्यांनी पहिल्या रांगेतल्या दीक्षितबाईंना वर बोलावलं. "म्याडम, तुमचाच फोन. बोला: सीताफळाची रोपं कुठं मिळतील?"

बाई बोलल्या. फोननं नाशिककडच्या कुठल्याशा रोपवाटिकेचं नाव सांगितलं.

"पुन्हा बोला. दमानं. तुमचं 'कुठं' जरा 'कुठे'सारखं झालं."

सभागृह हसलं. बाईही हसल्या आणि पुन्हा बोलल्या. पुन्हा नाशिक. सरांनी मागच्या रांगेतल्या एकाला बोलायला सांगितलं, तो जालन्याचा होता, त्याचं 'कुठं' अस्सल होतं. तेच उत्तर. मग सरांनी सरळ रोपवाटिकेचं नाव टाकायला लावलं. काहीच नाही. जणू दौलताबादच्या पुढं कुठली रोपवाटिका कधी नव्हतीच.

मी पाचव्या रांगेत होतो. त्यांच्या कपाळावर घाम आलेला मला दिसला, आणि मी पोटभर बघून घेतला. खोटं कशाला बोलू? हैदराबादपासून भुकेला होतो.

दीक्षितबाईंनी खाली येऊन आपला लॅपटॉप उघडला, पानाच्या आतला मजकूर पाहिला आणि शांतपणे म्हणाल्या, "तुपे सर, पानावर नोइंडेक्स आहे."

असं हसू मी दुसरीकडं कुठं ऐकलेलं नाही. बाहेरच्या माणसाला त्यातलं काही कळलं नसतं. पण तिथं प्रत्येकाला कळलं. स्वयंपाकाच्या स्पर्धेत परीक्षकासमोर मीठ घालायचं राहावं, तसं. मागून कुणीतरी ओरडलं, "पेढे पाठवा, पेढे!" तो पुण्याचा क्लासवालाच होता.

आता ते माझं नाव घेणार, असं मी धरून चाललो होतो. त्याची तयारीही होती. पान माझं, लिहिलं मी, हात माझा. "ह्या दुसऱ्या पानानं घोळ घातला" म्हणायला त्यांना एक क्षण पुरला असता. म्हणाले असते तर माझं सगळं फिटलं असतं. मी उभा राहून, सगळ्यांसमोर, हैदराबादचं सांगितलं असतं.

सरांनी चष्मा काढला. नव्या कोटाच्या बाहीनं पुसला.

"मी," ते म्हणाले. "मी ठेवली असंल ती. पान माझ्याच हातात असतं. आमच्या पोरांचा ह्याच्यात काय संबंध नाय." आणि माझ्याकडं बघून मान हलवली, घाबरू नको म्हणून.

हैदराबादला जे 'मी' म्हणाले होते, तेच 'मी'. त्याच आवाजात, तसंच छातीवर हात ठेवून. या माणसाला दुसरा शब्दच येत नव्हता. यश आलं तरी मी, माती खाल्ली तरी मी. मी त्यातलं यशाच्या बाजूचं तेवढं धरून बसलो होतो.

दीक्षितबाईंनी होकार दिला नाही. ओळ त्याच संध्याकाळी काढली, पण पान वर यायला जो वेळ लागला त्यात मंगलताईंचा हंगाम गेला. उरलेली रोपं त्यांनी पाव्हण्या-रावळ्यांत वाटून टाकली. दिवाळीनंतर ऑफिस बंद झालं. सरांनी प्रत्येकासाठी कुठं ना कुठं शब्द टाकला. मला गरज पडली नाही. दीक्षितबाईंचा मला आधीच फोन आला होता. त्यांनी विचारलं, "ती बोलीभाषेची पानं खरं तर कोण लिहायचं?"

"मी," मी म्हणालो.

आज ते सगळं काम मी बघतो. घरी बसून, बऱ्या पगारात. सूड इतका पुरा झाला की त्यात काही उणं काढायला जागा नाही.

यंदा संमेलन पुन्हा इथंच भरलं, आणि बोलायला मला बोलावलं. दारात नावं नोंदवायच्या रांगेत सर उभे होते. स्वतःच्या खर्चानं आलेले. गळ्यातल्या ओळखपत्रावर कंपनीच्या जागी नुसतं 'गंगापूर' लिहिलेलं. केस पांढरे झालेत. मला बघून रांग सोडून आले आणि मनगट धरलं.

"तुझं पान बघितलंस का आज?"

"काल बघितलं सर."

"कालचं राहू दे. आत्ता बघ. माझ्यासमोर बघ."

मी फोन काढून दाखवलं. त्यांनी माझ्या हातातून घेऊन स्वतः पुन्हा शोधलं, मग आपल्या फोनवर शोधलं, मग रांगेतल्या एकाच्या फोनवर. "भाच्याच्या खताच्या दुकानाचं एक पान हाय माझ्याकडं," म्हणाले. "रोज पंधरा-वीसदा बघतो. कुलूप लावलं तरी ओढून बघतेत ना, तसं. तव्हापासून माझ्या हाताचा मला भरवसाच नाय. सही करताना बी थांबतो."

मी त्यांच्या हातातून माझा फोन परत घेतला.

"अजून एक," ते म्हणाले. मनगट सोडलं नव्हतं. "सीताफळाचं ते तुझं होतं. हैदराबादला मी म्हणालो, माझं. जिभेला सवय. लई दिवस मनात होतं, म्हनलं सांगून टाकावं. राग धरू नको."

आणि खरं सांगतो, हे ऐकून मला आधी आनंदच झाला. हरला, असं वाटलं. मग कळलं की आता माझ्याजवळ गप्प राहायला काही निमित्त उरलं नाही. तोंड उघडायचीच वेळ होती. तेवढ्यात संयोजकांनी माझं नाव पुकारलं, आणि मी, बरं झालं म्हणून, आत गेलो.

माझ्या भाषणात सगळं नीट सापडलं. पहिली टाळी तिसऱ्या रांगेतून आली, त्यांची. संपल्यावर बाहेर आलो तर ते हॉटेलच्या पायऱ्यांवर एसटीच्या वेळेसाठी घुटमळत होते. फोन काढला, काहीतरी शोधलं, बघून खिशात टाकला. दोन पायऱ्या उतरले. थांबले. पुन्हा काढला.

मी हाक मारली नाही.

त्यांनी त्यांचं देणं दारात, रांगेत उभं राहून फेडलं. माझं अजून बाकी आहे. त्यांच्या हातून चूक झाली नव्हती, हे मी अंबादास तुपे यांना त्यांच्या तोंडावर सांगायचं देणं लागतो. आणि त्यानंतर दौलताबादला जाऊन मंगलताईंनाही.